डोंगराखालची पहिली चूल

मुलुंडला डोंगराखाली आमचा पणजा सगळ्यांच्या आधी येऊन राहिला, तेव्हा इथे बिबटे फिरायचे, असं मी सोसायटीत छाती फुगवून सांगायचो. एकाने विचारलं, "पुरावा काय?" माझं डोकंच फिरलं. दोन महिने कचेऱ्या पालथ्या घातल्या. पणज्याचा एक कागद मिळेल तर शपथ!

मग राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ द्यायचा दिवस आला. सोसायटीच्या मागे त्याचा शेंदूर लावलेला दगड आहे. दरवर्षी बाबा मालवणीत गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतोय, पण लक्ष सगळं खोबऱ्यावर. या वेळी पहिल्यांदा नीट ऐकलं.

"माझो आजो मालवणातसून हय इलो, तेव्हा पाड्यावरल्या आदिवाशांनी तेका जागा दिल्यानी, चुलीक इस्तव दिल्यानी. आज्यान घालून दिल्याप्रमाणे हो पयलो नारळ तेंचो, रे म्हाराजा!"

म्हणजे पणजा पहिला नव्हताच. मी पहिलेपणाची फुशारकी मारत होतो आणि त्याने पहिला मान कायमचा दुसऱ्यांना देऊन ठेवला होता. असा माणूस माझा पणजा!

मी इतक्या जोरात "व्हय म्हाराजा" म्हणालो की बाबा पुढचं वाक्यच विसरले.