ठसका कुठल्या रकान्यात?

एप्रिल लागला की मुलुंडच्या त्या सोसायटीत मालनच्या दाराशी मिरच्या-धण्यांच्या पिशव्या येऊन पडायच्या. मसाला डंकावर कुणीही कुटून आणेल, पण भाजायचा तो मालननेच, हे ठरलेलं. तिचा सगळा भरवसा नाकावर. आणि गेल्या पावसाळ्यातल्या तापाने नेमकं तेच नाक घालवलं. परवा शेजारच्या वसुधाचे धणे करपले. धूर दिसेपर्यंत कढईशी उभ्या मालनला पत्ता नाही. वसुधाने आपल्या मिरच्यांच्या पिशवीत नवे धणे आणून ठेवले. मालनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज पिशवी परत करायची आणि हे काम कायमचं सोडायचं, असं तिने पक्कं केलं होतं.

तेवढ्यात सातवीतली नात श्रुतिका गृहपाठ घेऊन आली. शाळेतल्या बाईंनी स्वतः रचलेली स्वयंपाकघराची कविता दिली होती. कुठली ओळ डोळ्यांना जाणवते, कुठली कानांना, नाकाला, जिभेला, त्वचेला, ते पाच रकान्यांत लिहायचं.

“‘मिरची पडली तव्यात, ठसका साऱ्या घरात.’ आजी, हे कशात?”

“वासात लिव गो. इचारतस काय?”

“पण तुला वास येत नाही ना? मग तुला ठसका लागणारच नाही?”

हे मालनला झोंबलं. तिने तिरीमिरीत तवा तापवला आणि पिशवीतली मिरची त्यावर टाकली. दोघी खोकून खोकून बेजार झाल्या. डोळे पुसता पुसता मालन थबकली.

“मगे हो ठसको माका कसो लागलो?”

“घशाला झोंबतो तो. नाकाचा काय संबंध!” श्रुतिकाने तो स्पर्शाच्या रकान्यात लिहिला. पुढची ओळ, ‘धणे बोलती कढईत, तडतड चाले घाईत’, तिने न विचारताच कानांना देऊन टाकली.

मालनने मूठभर धणे कढईत टाकले. इतकी वर्षं नाकाच्या तोऱ्यात तिने धण्यांचं कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. आधी एखादाच दाणा तडकला, मग सगळ्यांनी कलकलाट मांडला, मग आवाज विरळ झाला. तिने गॅस बंद केला.

“वास तू बघ गो. करपले?”

श्रुतिकाने वाकून छातीभर वास घेतला. “झकास, आजी! दरवर्षीसारखा.”

मालन रडायला लागली. मिरचीचं निमित्त सांगायलाही विसरली. कधी न पाहिलेल्या त्या बाईंचे उपकार कसे फेडावेत, तिला कळेना.

“तुझ्या बाईंका माजो नमस्कार सांग,” ती म्हणाली. “आणि वसुधाक सांग, पिशवी परत मिळाची नाय.”