सात आसरा आणि माझी आत्या

पुराणकथा आणि दंतकथा यांतला फरक मी वीसेक वर्षं शिकवतो आहे. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक लिहायची, उजवीकडे दुसरी. पुराणकथा देवांची, तिला काळ नसतो, गाव नसतं. दंतकथेच्या मुळाशी मात्र कधीतरी खरोखर जगून गेलेलं माणूस असतं, आणि लोक त्याच्याभोवती गोष्ट रचत जातात. मुलं हे वहीत उतरवतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात, मी पैकीच्या पैकी गुण देतो. ज्याला हा फरक कळला त्याला माणसंही कळतात, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, मिजास होती.

माझं गाव शेंद्र्याच्या अंगाला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. शेतातल्या विहिरीच्या काठावर लिंबाखाली सात दगड होते, शेंदूर फासलेले. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. भर दुपारी केस मोकळे सोडून काठावर बसतात आणि मनात भरलेल्या माणसाला खाली घेऊन जातात, असं आम्हाला लहानपणी सांगत. त्या सातांच्या शेजारी, वीतभर अंतर सोडून, आठवा दगड होता. तो माझ्या आत्याचा.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. मी नऊ वर्षांचा असताना ती पैठणकडच्या सासरहून कडेवर दोन वर्षांची लेक घेऊन आली आणि परत जायचं नाव काढीना. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते, ते मी पाहिले, घरात सगळ्यांनी पाहिले. चौथ्या दिवशी दुपारी जेवताना वडील ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘‘उद्या पहिल्या गाडीनं माघारी जा. चार लोकं काय म्हनतील?’’ आत्याने लेकीला भाकरी कुस्करून भरवली, भांडी घासली, अंगणही झाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन विहिरीवर गेली आणि परत आली नाही. घागर काठावर सरळ ठेवलेली होती आणि तिच्यावर चुंबळीचं फडकं, नीट घडी करून. पाय घसरलेली बाई घागर अशी ठेवून घसरत नाही, हे मला नवव्या वर्षीही कळत होतं.

पण त्याच घागरीवर वडिलांनी अख्खं गाव पटवलं. ‘‘कुनीतरी हाक मारल्यावानी घागर ठिवून गेली बगा. आसरांनी बोलावलं तिला.’’ पंधरा दिवसांत बायका सांगायला लागल्या की पाण्यातून बांगड्यांचा आवाज येतो. वर्षभरात तिला नवस बोलायला लागले. सासरचे सुटले, वडील सुटले, त्या दुपारी ताटावर बसलेले आम्ही सगळेच सुटलो. मारझोड झालेली, माहेरानं परत धाडलेली एक बाई अशी बघता बघता देवाघरची झाली. दंतकथा म्हणजे लोकांच्या कल्पनेचा सुंदर आविष्कार, असं पाठ्यपुस्तकात छापलेलं वाचतो तेव्हा मला पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं.

एक मात्र सांगितलं पाहिजे. आठवा दगड वडिलांनी स्वतः ओढ्यातून उचलून आणला होता, आणि मरेपर्यंत दर अवसेला ते त्याला शेंदूर लावत. सातांना दुसरं कुणी लावलं तरी चाले, आठव्याला कुणाला हात लावू देत नसत. तोंडाने ते कधी कबूल झाले नाहीत. पण तो दगड तिथं होता तोवर एक बाई होती आणि ती मेली, एवढं तरी शिल्लक होतं.

आत्याची लेक सासरच्यांनी नेली. वाढली, तिकडेच नांदायला गेली. दर चैत्रात ती एसटीने येते, आईच्या दगडाला खण, हिरव्या बांगड्या आणि दहीभात घेऊन. आईचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. तिच्यापाशी आईचं म्हणून जे काही होतं ते त्या लिंबाखाली होतं. वडील गेल्यावर एकदा तिने मला विचारलं, ‘‘दादा, तुमी तवा घरात व्हते. माझ्या आईला खरंच आसरांनी नेलं का?’’

मी काय केलं? मी तिला दंतकथेची व्याख्या सांगितली. लोकमानस कसं घडतं, दुःखाला लोक कसं रूप देतात, असलं चांगलं दहा मिनिटं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘व्हय दादा, तुमी शिकलेले.’’ पुन्हा कधी विचारलं नाही.

मग आमचं ते रान कारखान्यांसाठी गेलं. विहीर मुरूम टाकून बुजवायची ठरली. गावाने आसरा उचलून गावठाणात मारुतीजवळ नव्या ओट्यावर बसवायचं ठरवलं. ग्रॅनाइट, टाईल्स, वर पत्र्याची शेड. त्याच दिवसांत कॉलेजात दुपारी मला काकांचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

‘‘मास्तर, गवंडी इच्यारतोय, दगड सात बसवायचे का आठ? वट्यावर सातच बसतेत, आठवा घालायचा तर वटा वाढवावा लागंल.’’

मी म्हणालो, ‘‘आसरा सातच असतात, काका. साती आसरा म्हणतातच की.’’

‘‘मंग सातच सांगू?’’

‘‘सातच सांगा.’’

मला आठवलं नाही असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. ‘सात’ म्हणताना ती घागर आणि तिच्यावरची चुंबळ माझ्या डोळ्यांसमोर होती. आठवा गेला की आतेबहिणीला पुन्हा विचारायचं कारणही जाईल, असं मला वाटलं. काकांनाही तो दगड कुणाचा ते पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, शिकलेल्याच्या. फोन ठेवून मी वर्गावर गेलो आणि फळ्यावर उभी रेघ मारली.

चैत्रात आतेबहीण यायच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो. ओटा पाहिला. सातही दगडांना ऑइलपेंट दिलेला, चांदीचे डोळे बसवलेले, सगळे एका साच्यातले. गवंडी अजून शेडचं काम करत होता. त्याला विचारलं, राहिलेला दगड कुठे आहे?

‘‘त्यो व्हय? पायरीला भराव कमी पडत व्हता. खाली घातला.’’

दुसऱ्या दिवशी ती आली. चप्पल काढली, पायरीवर उभी राहिली आणि बोटाने दगड मोजले. मग पुन्हा मोजले.

‘‘दादा, एक कमी हाय.’’

‘‘नव्याने बसवलेत ना,’’ मी म्हणालो.

‘‘मंग यातली माझी आई कोनती?’’

पन्नाशीला टेकलेली बाई, हातात एकच खण. शेजारी उभे असलेले काका शेडचे खांब न्याहाळू लागले. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. मी हात वर केला आणि उजव्या टोकाचा दगड दाखवला.

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. मी स्वतः बसवून घेतला.’’

तिने त्या दगडाला हळदकुंकू लावलं, खण पांघरला, बांगड्या ठेवल्या, दहीभाताचा द्रोण पुढे सरकवला. दोन शेजारणी तिचं पाहून त्याच दगडाच्या पाया पडल्या. त्या दगडामागे कुणीही नाही, कधी नव्हतं. आता गावात ‘टोकाची ती भावानं बसवलेली’ अशी गोष्ट सुरू होईल, आणि तिच्या मुळाशी जगून गेलेलं माणूस सापडणार नाही, फक्त माझं बोट सापडेल.

उन्हातून आल्यामुळे ती दमली होती. पूजा झाल्यावर तिथेच पायरीवर टेकली, पदराने वारा घेतला.

‘‘लई बरं झालं दादा,’’ ती म्हणाली. ‘‘तिथं रानात उन्हापावसात व्हती. आता आईच्या डोक्यावर सावली तरी आली.’’

मी तिला पायरीवरून ऊठ म्हणालो नाही. म्हणालो असतो, तर का ते सांगावं लागलं असतं.