बर्फातलं भोक

रिफायनरीकडून वारा आला आणि गाडीत कच्च्या तेलाचा वास शिरला, की ह्यूस्टनच्या उकाड्यातही मला अलास्काचा बर्फ दिसतो. २००६च्या हिवाळ्यात तिथल्या गोठलेल्या समुद्राखाली आमच्या कंपनीची पाइपलाइन फुटली होती. तेल कुठवर पसरलंय ते शोधायला माझे बॉस मला घेऊन गेले. नागपूरचे, त्यांना आम्ही काकाच म्हणायचो. बर्फाखालचं तेल टिपणारं रडार ओढून हात बधिर झाले, तरी स्क्रीनवर काही दिसेना. तेवढ्यात एका भोकातून श्वास घ्यायला सीलने डोकं वर काढलं. मिशा तेलाने काळ्या. "मिळालं," काका म्हणाले. प्राण्यांच्या रेस्क्यूवाल्यांना कॉल करू का, मी विचारलं. "नको रे. तिला श्वास घ्यायला दुसरीकडे जागा नाही, ती इथेच येणार. तेल किती वाढतंय ते आयतंच कळेल." मग थर्मासमधला चहा पीत आम्ही बसून राहिलो. ती येत राहिली, दर वेळी जास्त काळी, जास्त उशिरा. शेवटी आलीच नाही. "चला, इथलं मॉनिटरिंग झालं," म्हणत काकांनी कप झटकला. परवा इथे ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या गणपतीत मोदक खाताना माझ्या मुलीला ठसका लागला, तिचा श्वास अडकला. सगळ्यांत आधी धावत आले ते काकाच. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "सावकाश बाळा, श्वास घे."