पाणबुडीवर तोफ नव्हती

"तोफ दिसत नाही म्हणता. पण मग तोफेचे गोळे कुठे ठेवायचे हे लोक?" क्लायंटकडच्या मिस लिमनी सहज विचारलं.

तांजोंग पगार भागातल्या आमच्या ऑफिसात, स्क्रीनवर महायुद्धात बुडालेल्या एका पाणबुडीचं सोनारचित्र होतं. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समुद्रतळाचं चित्र काढायचं, हे माझं काम. पाणबुडीच्या डेकवर अडकलेला एक जुना वायर रोप क्लायंटच्या समुद्रतळावरच्या केबलच्या वाटेत येत होता. डायव्हर तो कटिंग टॉर्चच्या ज्वाळेने कापणार होता. त्या काळी पाणबुड्यांच्या डेकवर एक तोफ असे. लहान जहाजांवर महागडा टॉर्पेडो कोण वाया घालवणार? इथे ती नव्हती. म्हणून मी रिपोर्टात लिहिलं होतं, दारूगोळ्याचा धोका कमी.

"गोळे खाली, पाणबुडीच्या पोटात," मी ऐटीत सांगितलं. "माणसं रांगेत उभी राहून हातोहात वर द्यायची. त्यात वेळ जायचा, म्हणून पहिले काही डेकवरच, वॉटरटाइट लॉकरमध्ये..."

मी वाक्य अर्धवटच सोडलं. तोफ गेली म्हणून लॉकर थोडेच रिकामे झाले होते.

"इंटरेस्टिंग," मिस लिम म्हणाल्या. बॉस खूश दिसले. मी पुढची स्लाइड लावली.

डायव्ह त्याच सकाळी होता, हे मला माहीत होतं. पण क्लायंटसमोर आपलाच रिपोर्ट चुकीचा म्हणायचा? मीटिंग संपेपर्यंत मी बसून राहिलो. कॉफीसुद्धा प्यायलो.

मग लिफ्टपाशी येऊन बोटीवर फोन लावला. डायव्हिंग सुपरवायझर सावंत, मूळचे मालवणचे, नेव्हीतून रिटायर झालेले.

"सावंतसाहेब, कापणं थांबवा. डेकवर गोळे असू शकतात."

"कापतंय कोण? पाण्याचा करंट कमी व्हायची वाट बघतोय. डायव्हर नूडल्स खातोय."

मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो.

नंतर कॅमेरा खाली सोडला. वायरखालीच लॉकर होता. झाकण गंजून गेलेलं, आत गोळे. काम बंद झालं, केबलचा मार्ग बदलला. "यांनी वेळेवर फोन केला," सावंत सगळ्यांना सांगत. मी ऐकून घेत असे.

गेल्या रविवारी सेरंगूनला त्यांच्या घरी जेवताना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माशांच्या कालवणाचं भांडं पुढे ओढलं.

"रिपोर्ट चुकतो हो, कुणाचाही. पण उठायला काय झालं होतं? लोकांना वाटलं असतं, लघवीला चाललाय."

आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

आता माझ्या रिपोर्टात तोफ आणि गोळे वेगवेगळे तपासलेले असतात. मीटिंगमध्ये मी दाराजवळची खुर्ची धरतो.