मी मदतनीस म्हटलेल्या ताई

खर्च उचलणाऱ्या कंपनीचे साहेब काळेवाडीतलं आमचं प्रशिक्षण केंद्र बघायला आले, तेव्हा मी ताईंची ओळख ‘या मदतनीस’ अशी करून दिली. चूक माझीच. शाळा सुटलेल्या मुलींना गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला ताईच शिकवायच्या. पण त्यांनी स्वतः आठवीत शाळा सोडलेली, आणि साहेब शिक्षण विचारतील याची मला धास्ती.

शिवण तपासताना ताई डोळे मिटून अंगठा फिरवत. “हितं टीप सुटलीय बघ, बाई,” म्हणत. ती सुटलेलीच असे. उसवायला मात्र मुलीलाच लावत. “मी उसवलं तर मलाच येईल की.”

साहेब आले त्या दिवशी मला खोटं न पाडता ताईंनी त्यांना चहा दिला, कपही विसळले.

दुसऱ्या दिवसापासून, माझं ते बोलणं ऐकलेली एक मुलगी यायची थांबली. तिची मैत्रीण म्हणाली, “सर, ताईंएवढं शिवता येऊनही मदतनीसच व्हायचं, तर शिकायचं कशाला?”

ती मुलगी परत आली नाही. आठवड्यानं मी भरल्या वर्गात ताईंसमोर उभा राहिलो.

“ताई, मी साहेबांना खोटं सांगितलं. इथं शिकवता तुम्ही. मला तुमची लाज वाटली, मला माफ करा.”