आधी मीठ

चाखल्याशिवाय पदार्थावर मीठ घालू नये, हा साधा शिष्टाचार माझ्या थोरल्या साडूंना जन्मभर कोणी शिकवू शकलं नाही. माणूस बाकी अदबीचा. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतली जमिनीची दप्तरं मराठीत आणायच्या कामावर ते लागले, त्याच खात्यातून निवृत्त झाले, आणि शिपायालाही 'तशरीफ ठेवा' म्हणत राहिले. पण हॉटेलात ताट समोर आलं, की त्यांचा हात घासाकडे न जाता मीठदाणीकडे जाई. उपमा असो, पुरी-भाजी असो, आधी मीठ. कन्नड गावच्या बस स्टँडसमोर एकदा त्यांनी कढी समजून बासुंदीच्या वाटीत चिमूट सोडली. मी ओरडलोच. त्यांनी वाटी शांतपणे संपवली आणि मालकाला सांगितलं, "बासुंदी उमदा झालीय."

घरी मात्र हाच माणूस मिठाला शिवत नसे. त्यांच्या गारखेड्याच्या घरी एकदा मेहुणीबाई वरणात मीठ घालायला विसरल्या. मी पहिल्या घासाला थांबलो; साडूंनी दोनदा वरण मागून घेतलं. या विसंगतीचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतोच असं वाटत असतं.

दर गुरुवारी ते मला गुलमंडीमागच्या गल्लीतल्या एका खानावळीत नेत. तिथल्या म्हाताऱ्या बावर्चींना सगळे उस्ताद म्हणत. चण्याची डाळ, दुधी आणि मटण घालून ते जो दालचा करीत, त्यासाठी लोक लांबून येत. पहिल्याच दिवशी साडूंनी त्या दालच्यावर न चाखता मीठ भुरभुरलं, आणि उस्ताद डाव घेऊन बाहेर आले.

"अजी साब, चखे बी नै और नमक डाल लिये? चालीस साल से डेग पे हूं मैं!"

"आदत खराब है, उस्ताद. माफ करो," साडू हात जोडून म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. पुढं पुढं उस्ताद रागवेनासे झाले. मला वाटलं, थकले असतील. मधे ते मोठ्या दुखण्यातून उठले होते, आणि गल्ल्यावर आता त्यांचा मुलगा बसू लागला होता.

त्याच सुमारास साडूंनी माझ्याही ताटात मीठ घालायला सुरुवात केली. मी कुरकुरलो, की म्हणत, "खा मुकाट्यानं, साडू." तेही मी सोसलं. पण एका गुरुवारी आमच्या कॉलेजचे प्राचार्य बरोबर होते, आणि साडूंनी हात लांब करून त्यांच्याही दालच्यावर मीठ भुरभुरलं. प्राचार्यांचा घास बोटांतच राहिला. माझ्या कानांतून वाफ निघायची बाकी होती. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "तुमच्याबरोबर जेवायला बसायची लाज वाटते मला."

"बरं," साडू म्हणाले आणि टोपी सारखी केली. त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी मला हाक मारली नाही. मीही गेलो नाही. दिवाळीआधी ते गेले.

तेरावं झाल्यावर एका गुरुवारी पाय आपोआप तिकडं वळले. दालचा आला. मी, रीतीप्रमाणे, आधी चाखला. त्यात मिठाचा कण नव्हता. मीठदाणीकडे हात नेला, तोच शेजारच्या टेबलावर नेहमी दिसणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्यानं माझं मनगट धरलं.

"आता नगा घेऊ," तो पुटपुटला. "तुमचे साडू कुठं हायेत? लई दिस दिसंनात."

मी सांगितलं. त्यानं भटारखान्याच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाला, "दुखण्यात उस्तादच्या जिभंची चव गेली. कधी दुप्पट मीठ पडायचं, म्हणून आता भिऊन घालतच नाय. पोराला कळलं तर दुसरा बावर्ची आणील."

"आणि पोराला कळत नाही?"

"तो इथलं खातच नाय. पोटाचं पथ्य हाय त्याला. तुमच्या साडूंनीच शिकवलं आमाला. म्हणायचे, चाखून मीठ घेतलं की ती रांधणाऱ्याची चूक. न चाखता घेतलं की आपली खोड."

मी आजूबाजूला पाहिलं. टेबलाटेबलावर, घासाआधी, हात मीठदाणीकडे जात होते. अख्खी खानावळ माझ्या साडूंसारखी वेडी झाली होती, आणि मला पत्ता नव्हता.

"साब, दालचा कैसा है?" गल्ल्यावरून मुलानं विचारलं. त्यानं मला चाखताना पाहिलं होतं. भटारखान्याच्या दारात उस्ताद डाव धरून उभे होते.

"बढिया," मी म्हणालो. चाखून झालं होतं, आता मीठ घ्यायची सोय नव्हती. तो अळणी दालचा मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि वर आणखी मागितला.

हल्ली गुरुवारी मी साडूंच्या खुर्चीवर बसतो. परवा समोर एक अनोळखी तरुण गृहस्थ येऊन बसले. त्यांचं ताट आलं. मी माझ्या दालच्यावर मीठ घातलं, आणि मग त्यांच्याही.

"अहो, हे काय!" ते ओरडले.

"खा मुकाट्यानं," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही.