ड्रममध्ये रोवलेले खांब

माझ्या धाकट्या लेकीला घरात सगळे खोकेवाली म्हणतात. भाड्याच्या शेडमध्ये ती पुठ्ठ्याचे खोके बनवते. हक्काच्या जागेवर कारखाना उभा करायचा, एवढाच तिचा ध्यास. सरकारी वसाहतीत तिला प्लॉट मिळाला तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसले सुटतोय!

पहिल्या मोजणीवर तिने कुंपण घातलं, खांब सिमेंटने पक्के केले. मग दुसरं सरकारी खातं मोजणीला आलं. त्यांच्या नकाशात हद्द पार अलीकडे. खांब उपटले. पुढे साहेब बदलले आणि तिसरी मोजणी निघाली. तेव्हा कुंपणाचं काम करणाऱ्या वेल्डरकाकांनी वसाहतीत सगळे करतात तेच केलं. तेलाचे ड्रम अर्धे कापून त्यात काँक्रीट ओतलं आणि खांब त्यातच रोवले. हद्द सरकली की ड्रम सरकवायचे.

गेल्या आठवड्यात गुंतवणूकदार बाई जागा बघायला आल्या. मशीन त्या देणार होत्या. त्यांना फक्त जागेची खात्री हवी होती. लेकीचा डबा द्यायच्या निमित्ताने मीही तिथे घुटमळत होते. बाईंनी ड्रमवर टिचकी मारली. "हे काय?"

काकांची छाती फुगली. "आमच्या वसाहतीची आयडिया, मॅडम! दोन माणसं लावा, दुपारपर्यंत अख्खं कुंपण शेजारी!" आणि खरंच एक ड्रम कलता करून त्यांनी गोल गोल फिरवत नेऊन दाखवला.

लेकीचा चेहरा खाड्‌कन उतरला.

"कुंपण हलवाल," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण माझ्या मशीनचा पाया जमिनीत जातो. तो कसा हलवणार? हद्द ठरली की बोलवा मला." गेल्या.

"माझं काही चुकलं का, ताई?" काकांनी लेकीला विचारलं.

"नाही काका. आहे तेच दाखवलंत."

वसाहतीच्या फाटकावर मोठा फलक आहे: देशाच्या विकासात सहभागी व्हा, गुंतवणूकदारांचे स्वागत. अहो, स्वागत करा, पण पाहुण्याने उभं कुठे राहायचं ते तरी सांगा!

लेक तडक वसाहतीच्या ऑफिसात गेली. साहेब चिडले. "मोजणी तीनदा करून दिली. अजून काय हवंय?"

"एकच हवी होती," ही म्हणाली आणि परत आली.

आज सकाळी काकांना म्हणाली, "ड्रम काढा. खड्डे खणा."

"कुठल्या हद्दीवर?"

"तिन्ही नकाशांत जेवढी जागा माझी आहे, तेवढ्यावर."

म्हणजे जेमतेम अर्धा प्लॉट. बाकीची जागा हिने आपणहून सोडली, कुणी मागितलीही नव्हती. माझा जीव तुटला. विचारलं, "एवढ्यात मशीन बसेल का गं?"

"मशीन बसेल, आई. ट्रक वळायचा नाही."

"मग?"

"मग खोके हातगाडीने रस्त्यापर्यंत. बाईंना हेच सांगणार आहे. बघू, काय म्हणतात."

संध्याकाळी सिमेंट ओतलं. ते सुकेपर्यंत मी फाटकाकडे डोळे लावून बसले होते, मोजणीची फीत घेऊन कोणी येत तर नाही ना.